ल्यूटच्या टॅब्लेचरसाठी वाचनीय अक्षरे कशी घडवतात

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत युरोपभर वाजवले जाणारे ल्यूट हे तंतुवाद्य अरबी ऊदच्या कुळातले आहे. त्याच्या मानेभोवती तातीचे पडदे गुंडाळून बांधलेले असतात, तारा बहुतांशी जोडीजोडीने लावलेल्या असतात आणि वादक त्या उजव्या हाताच्या बोटांनी छेडतो. या वाद्यासाठी रचलेले संगीत हस्तलिखितांत आणि छापील पुस्तकांत मोठ्या प्रमाणावर टिकून राहिले आहे. पण ते पियानोच्या पुस्तकात दिसणाऱ्या पाच रेषांच्या स्वरलिपीत नसून टॅब्लेचर नावाच्या निराळ्या लिपीत आहे. या संगीताची नवी आवृत्ती काढणाऱ्यासमोर संपादनाचे मोठे प्रश्न असतातच, पण त्यांच्या जोडीला एक लहानसा दिसणारा प्रश्नही असतो, तो म्हणजे रेषांवर बसवायची ती दहा-बारा रोमन अक्षरे नेमकी कशी दिसावीत.

संगणकात शेकडो फॉन्ट तयार असताना हा प्रश्न पडावाच का, असे कोणालाही वाटेल. एखादा सुबक, पुस्तकी वळणाचा फॉन्ट घेऊन पान जुळवले तर ते देखणे दिसतेही. त्या पानावरून वाजवू लागल्यावर मात्र डोळा अडखळतो आणि बोटे चुकीच्या पडद्यावर जातात, कारण तो फॉन्ट शब्द वाचण्यासाठी घडवलेला असतो आणि टॅब्लेचरमध्ये शब्द नसतात. या लेखातील सारे विवेचन या एका फरकातून निघते, म्हणून आधी ही लिपी थोडी समजून घेऊ.

भातखंडे पद्धतीने बंदिश लिहिताना आपण स्वर लिहितो. तो स्वर सतारीवर कोणत्या तारेवर आणि कोणत्या पडद्यावर काढायचा, हे वादकाने ठरवायचे असते. टॅब्लेचर याच्या उलट चालते. त्यात स्वराचे नाव कुठेच नसते. बोट कुठे ठेवायचे तेवढेच सांगितलेले असते. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या आणि पुढे इंग्लंडने स्वीकारलेल्या पद्धतीत सहा आडव्या रेषा सहा तारजोड्यांसाठी असतात आणि सर्वांत वरची रेषा सर्वांत उंच स्वराच्या तारेची असते. तार मोकळी छेडायची असेल तर 'ए' हे अक्षर, पहिल्या पडद्यावर दाबायची असेल तर 'बी', दुसऱ्यावर 'सी', असा क्रम पुढे जातो. अक्षरे लहान लिपीतली असतात आणि त्यांतून 'जे' वगळलेले असते, कारण त्या काळी 'आय' आणि 'जे' ही एकाच अक्षराची दोन रूपे मानली जात. त्यामुळे आठव्या पडद्याला 'आय' आणि नवव्याला थेट 'के' येते. एकाच वेळी छेडायच्या तारांची अक्षरे एकाखाली एक रचली जातात. रेषांच्या वर लयीची चिन्हे असतात आणि एकदा दिलेले चिन्ह पुढचे वेगळे चिन्ह येईपर्यंत लागू राहते, म्हणून वादकाची नजर सतत वर-खाली फिरत असते.

इटालियन पद्धतीत अक्षरांऐवजी आकडे असतात आणि रेषांचा क्रम उलटा, म्हणजे सर्वांत खालची रेषा उंच स्वराच्या तारेची असते. व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने १५०७ साली फ्रान्चेस्को स्पिनाचिनो याच्या रचनांचे ल्यूटचे पहिले छापील पुस्तक काढले, ते याच पद्धतीत आहे. तिथेही वाचनीयतेचा विचार दिसतो. दहाव्या पडद्यासाठी दोन आकडे लिहिले तर ते दोन वेगळे स्वर वाटण्याची भीती असते, म्हणून रोमन दहाचे, फुलीसारखे एकच चिन्ह वापरले गेले. जर्मन पद्धत तर याहून विचित्र होती. तिच्यात रेषाच नव्हत्या. पाच तारजोड्यांच्या पहिल्या पाच पडद्यांवरील पंचवीस जागांना प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह होते, आणि वर्णमालेतील तेवीस अक्षरे अपुरी पडल्याने लॅटिनमधील दोन संक्षेपचिन्हे उसनी घ्यावी लागली. ही पद्धत मागे पडली याचे नवल वाटत नाही.

आता अक्षरांच्या ओळखीकडे वळू. देवनागरीत घ आणि ध किंवा भ आणि म यांच्या आकारांत फरक थोडा असतो, तरी आपण 'घर' हा शब्द 'धर' असा सहसा वाचत नाही, कारण आजूबाजूची अक्षरे आणि वाक्याचा अर्थ आपल्याला सांभाळून घेतात. टॅब्लेचरमधल्या अक्षराला असा कोणताही शेजार नसतो. तिसऱ्या रेषेवर 'सी' आहे की 'ई', याचा उलगडा त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या अक्षरावरून होत नाही. मुरलेल्या वादकाला संगीताच्या ओघातून अंदाज बांधता येतो, पण नवी रचना प्रथमच वाजवताना तोही आधार डळमळीत असतो. शिवाय हे वाचन हातात धरलेल्या पुस्तकाचे नसते. पान समोरच्या स्टँडवर हातभर अंतरावर असते, प्रकाश बेताचा असतो, दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि एका क्षणात चार-पाच अक्षरांचा अख्खा उभा गट ओळखावा लागतो. अशा वेळी प्रत्येक अक्षर एकट्याच्या बळावर, निव्वळ बाह्यरेषेवरून ओळखू येणे भाग असते.

कोणती गफलत किती घातक, हे ठरवताना केवळ आकारांचे साम्य पाहून चालत नाही, चुकीचा परिणाम कानाला कसा लागतो हेही पाहावे लागते. लांबून 'बी' आणि 'एच' सारखे दिसू शकतात. पण ते पहिला आणि सातवा पडदा दाखवतात, त्यांच्यात सहा अर्धस्वरांचे अंतर आहे, म्हणून चूक झाली तर ती कानाला तत्काळ खटकते आणि वादक स्वतःच थांबतो. 'सी' आणि 'ई' यांचे तसे नाही. त्यांच्यात केवळ दोन पडद्यांचे, म्हणजे एका पूर्ण स्वराचे अंतर आहे, दोन्ही अक्षरे मानेच्या सर्वाधिक वापरातल्या भागातली असल्याने जवळजवळ प्रत्येक ओळीत येतात, आणि चुकून घेतलेला स्वर शेजारचाच असल्याने अनेकदा सुरावटीत खपून जातो. वादक मग ती चूकच पाठ करतो. या फॉन्टमध्ये एकाच जोडीवर कष्ट घेण्याइतका वेळ असेल, तर तो या जोडीवर घालवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या लेखकांनी तो घालवलेला दिसतो. फ्रेंच आणि इंग्रजी हस्तलिखितांत 'सी' हे अक्षर आज आपण 'आर' म्हणून ओळखू अशा आकाराचे असते: एक छोटा उभा दांडा आणि त्याच्या माथ्यावरून उजवीकडे गेलेली आडवी रेघ, काहीसे ग्रीक गॅमासारखे. हा आकार कोणी मुद्दाम शोधून काढलेला नव्हता. त्या काळच्या चालू हस्ताक्षरात 'सी' असेच लिहिले जाई. टॅब्लेचरमध्ये मात्र तो फार उपयोगी ठरला, कारण त्यामुळे 'सी' आणि 'ई' यांच्यात गोलाईचे साम्यच उरले नाही. तो 'आर' वाटेल म्हणून गोंधळ होईल का, तर होत नाही. ल्यूटच्या पडद्यांसाठी साधारण 'ए'पासून 'एन'पर्यंतचीच अक्षरे लागतात. 'आर'पर्यंत मजल जातच नाही, म्हणून तो आकार मोकळा आहे आणि 'सी'ने तो घेतल्याने कोणाचे काही बिघडत नाही. वर्णमालेचा अर्धा भागच वापरात असणे ही या लिपीची मोठी सोय आहे, आणि आकार ठरवणाऱ्याने तिचा पुरेपूर लाभ घेतला पाहिजे.

यानंतरचा प्रश्न रेषांचा. अक्षर रेषेवर नेमके मधोमध बसवले, म्हणजे रेषा त्याच्या पोटातून आरपार गेली, तर एक चमत्कारिक अडचण उभी राहते. लहान 'ई'च्या पोटातली आडवी रेघ रेषेत मिसळून नाहीशी होते, आणि त्याच वेळी लहान गोल 'सी'च्या पोटातून रेषा गेल्यामुळे त्याला नसलेली आडवी रेघ मिळते. ज्या दोन अक्षरांची गफलत सर्वांत महाग पडते, त्यांच्यातला फरक ही एक रेषा पुसून टाकते. यावर आजच्या गिटारच्या टॅबमध्ये सर्रास दिसणारा उपाय म्हणजे अक्षराच्या मागे पांढरी जागा सोडून रेषा तोडणे. विरळ रचनेत तो चालतो. पण पाच-सहा अक्षरांचे गट जवळजवळ येऊ लागले की रेषांचे तुकडे तुकडे होतात आणि अक्षर चौथ्या रेषेवर आहे की पाचव्या, हे मोजावे लागते. माझी पसंती दुसऱ्या, जुन्याच उपायाला आहे: अक्षर रेषेवर टेकवून, दोन रेषांच्या मधल्या जागेत उभे करावे. अनेक जुन्या फ्रेंच आणि इंग्रजी हस्तलिखितांत अक्षरे अशीच बसवलेली आढळतात.

या उपायाची एक अट आहे. दोन रेषांच्या मध्ये असलेले अक्षर वरच्या रेषेचे की खालच्या, अशी शंका एका क्षणासाठीही येता कामा नये. म्हणून अक्षराचा पाया रेषेला जवळजवळ चिकटलेला असावा आणि माथ्यावर डोळ्याला जाणवेल इतकी जागा मोकळी राहावी. दोन रेषांतील अंतराच्या सुमारे दोन तृतीयांश उंची गोल अक्षरांना दिली तर हे साधते. त्याहून मोठी केली तर अक्षर दोन्ही रेषांमध्ये कोंबल्यासारखे दिसते आणि त्याहून फार लहान केली तर स्टँडवरून वाचता येत नाही.

इथे रोमन लिपीच्या घडणीतूनच नवी पंचाईत निघते. तिच्या काही अक्षरांना वर दांडा असतो, काहींना खाली शेपटी असते, आणि पुस्तकी फॉन्टमध्ये हे अवयव चांगले लांब असतात, कारण शब्द ओळखण्यास त्यांची मदत होते. टॅब्लेचरमध्ये 'डी'चा दांडा वरच्या रेषेला छेदून वरच्या अक्षराच्या पायाला भिडतो, आणि 'जी'ची शेपटी खालच्या तारेच्या अक्षरावर पडते. दांडा कापून आखूड करावा, तर आखूड दांड्याचा 'डी' एका पोटाच्या साध्या 'ए'सारखा दिसू लागतो, आणि 'ए' म्हणजे मोकळी तार. जुन्या लेखणीबहाद्दरांचा यावरचा उपायही शिकण्याजोगा आहे. त्यांनी 'डी'चा दांडा सरळ वर न नेता डावीकडे वळवून अक्षराच्या डोक्यावर वाकवला. उंची वाचली, आणि अक्षराची बाह्यरेषा इतकी वेगळी झाली की 'ए'शी साम्य उरले नाही. 'एच'चा दांडा आखूड केला तर तो 'एन'सारखा दिसतो. तिथे उजव्या पायाला खाली आत वळणारी छोटी शेपटी दिली तर काम होते, फक्त ती रेषेच्या खाली फार जाऊ देऊ नये. 'एफ'ला जुन्या हस्ताक्षरात लांब, तिरकी शेपटी असे; तिचा डौल आवडला तरी नव्या फॉन्टमध्ये ती निम्म्याहून अधिक कापावीच लागते.

'आय'च्या डोक्यावरचा टिंब हा आणखी एक छुपा धोका आहे. टॅब्लेचरमध्ये अक्षराखाली दिलेला एक टिंब म्हणजे ती तार उजव्या हाताच्या तर्जनीने छेडायची, दोन टिंब म्हणजे मध्यमेने, आणि छोटी उभी रेघ म्हणजे अंगठ्याने. आता खालच्या तारेवर 'आय' आणि त्याच्या थेट वरच्या तारेवर दुसरे अक्षर असेल, तर 'आय'चा टिंब वरच्या अक्षराची बोटखूण वाटू शकतो. म्हणून तो अक्षराला अगदी लगटून, किंचित चपटा किंवा तिरका काढावा आणि बोटखुणांचे टिंब गोल ठेवावेत. डाव्या हाताची बोटे दाखवणारे छोटे आकडे, गमकांसाठीच्या स्वल्पविरामासारख्या खुणा आणि फुल्या हीदेखील त्याच अरुंद जागेत बसणारी मंडळी आहेत; अक्षरे आखताना त्यांची जागा आधीच राखून ठेवली नाही, तर पुढे प्रत्येक पानावर हाताने सरकवासरकव करावी लागते.

सतराव्या शतकात खर्जाच्या तारा वाढत गेल्या आणि अठराव्या शतकात सिल्वियस लिओपोल्ड वाइस या जर्मन ल्यूटवादकाच्या काळापर्यंत तारजोड्या तेरावर पोहोचल्या. या जास्तीच्या तारांसाठी नव्या रेषा आखल्या गेल्या नाहीत. सातव्या जोडीसाठी रेषांखाली नुसता 'ए', आठवीसाठी त्याच्या माथ्यावर एक तिरकी रेघ, नववीसाठी दोन, दहावीसाठी तीन, आणि अकरावीपासून पुढे ४, ५, ६ असे आकडे, अशी पद्धत रूढ झाली. दोन आणि तीन तिरक्या रेघांमधला फरक न मोजता, पाहताक्षणी कळायला हवा. बहुतेक तयार फॉन्टमध्ये या रेघा इतक्या बारीक आणि जवळ असतात की लहान आकारात त्या एकच जाड रेघ होऊन बसतात. रेघांची जाडी अक्षराच्या जाड फटकाऱ्याइतकी आणि त्यांच्यामधली मोकळी जागा त्या जाडीहून थोडी अधिक ठेवली, तर हा गट अक्षरापेक्षा रुंद होतो. होऊ द्यावा, कारण तिथे शेजारी फारसे कोणी नसते.

छपाईच्या तंत्राने हे आकार कसे बांधून ठेवले होते, तेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. पॅरिसमध्ये पियेर आतेन्याँ याने १५२९ साली ल्यूटचे पुस्तक छापले, त्या काळच्या तंत्रात शिशाच्या प्रत्येक खिळ्यावर अक्षराबरोबर रेषांचे तुकडेही असत; खिळे शेजारी शेजारी जुळवले की सलग रेषा तयार होई, आणि सांध्यांच्या जागी बारीक फटी राहत. अक्षर त्या खिळ्याच्या चौकटीबाहेर जाऊच शकत नसे, त्यामुळे छापील आकार हस्तलिखितांहून आखूड आणि आटोपशीर झाले. पुढे डेनिस गोतिए आणि शार्ल मूतों या फ्रेंच ल्यूटवादकांची पुस्तके तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली गेली आणि अक्षरांना पुन्हा हस्ताक्षराचे वळण मिळाले. नव्या फॉन्टसाठी नमुना निवडताना अनेक जण या कोरीव पानांच्या मोहात पडतात. ती सुंदर आहेत यात वाद नाही, पण त्यांतला प्रत्येक 'बी' शेजाऱ्यांकडे पाहून थोडा वेगळा काढलेला असतो. फॉन्टमध्ये तोच आकार हजार वेळा जसाच्या तसा उमटतो आणि मूळचा समतोल हरवतो. मला सोळाव्या शतकाच्या अखेरीची इंग्रजी छापील पाने, उदाहरणार्थ ल्यूटवादक-रचनाकार जॉन डौलंड याचे पीटर शॉर्टने १५९७ मध्ये लंडनला छापलेले गीतांचे पहिले पुस्तक, अधिक उपयोगी मार्गदर्शक वाटतात. ते पुस्तक टेबलावर उघडून भोवती बसलेल्या गायक-वादकांनी एकाच प्रतीतून वाचावे अशा बेताने रचलेले होते, म्हणजे ते अंतरावरून वाचले जाणार हे गृहीतच होते.

संगणकावर फॉन्ट घडवताना काही सवयी सोडाव्या लागतात. शब्दांच्या फॉन्टमध्ये अक्षरजोड्यांमधले अंतर जुळवण्यात बराच काळ जातो. इथे त्याची गरज नसते. त्याऐवजी सर्व अक्षरांची रुंदी सारखी ठेवून प्रत्येकाचा डोळ्याला जाणवणारा मध्य एका उभ्या रेषेत आणावा लागतो, कारण अक्षरे एकाखाली एक येतात आणि गट तिरपा दिसला तर वरची चार अक्षरे एकत्र छेडायची की त्यांतले एक किंचित नंतर, असा संभ्रम होतो. अक्षरांच्या फटकाऱ्यांची जाडी रेषांच्या जाडीच्या किमान दुप्पट तरी असावी. रेषा करड्या रंगात छापण्याची युक्ती संगणकाच्या पडद्यावर छान दिसते, परंतु साध्या मुद्रकावर करडा रंग बारीक ठिपक्यांचा बनतो आणि रेषा कडांना फुटते. काळीच पण बारीक रेषा अधिक भरवशाची.

एक तांत्रिक बाब संपादकांनी विशेष लक्षात ठेवावी. जुन्या वळणाचा 'सी' दिसावा म्हणून काही जण संगणकात चक्क 'आर' हे अक्षर टंकतात. पान बरोबर दिसते, पण आतली माहिती खोटी होते: त्या फाइलचे इटालियन आकड्यांत किंवा पाच रेषांच्या स्वरलिपीत रूपांतर करायला गेले की यंत्राला दुसरा पडदा सापडतच नाही. आकार आणि अर्थ वेगळे ठेवावेत, म्हणजे माहितीत 'सी'च असावा आणि तो कसा दिसावा हे फॉन्टने ठरवावे. स्टाइनबर्ग कंपनीत डॅनियल स्प्रेडबरी यांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये आलेल्या स्मूफल या संगीतचिन्हांच्या मानकात फ्रेंच-इंग्रजी, इटालियन-स्पॅनिश आणि जर्मन या तिन्ही प्रकारच्या टॅब्लेचरसाठी स्वतंत्र संकेतांक राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे नवा फॉन्ट त्या चौकटीत बसवला तर तो या मानकाची दखल घेणाऱ्या आज्ञावलींत वापरता येतो. एकाच फॉन्टमध्ये गोल 'सी' आणि गॅमासारखा 'सी' असे दोन्ही पर्याय ठेवण्याची सोयही आजच्या फॉन्टरचनेत आहे.

फॉन्ट तयार झाल्यावर त्याची परीक्षा डौलंडच्या एखाद्या प्रसिद्ध रचनेवर घेऊ नये. ती रचना ज्यांच्या कानात आहे ते अक्षर न वाचताच बरोबर वाजवतील आणि फॉन्टला फुकटचे गुण मिळतील. त्यापेक्षा अक्षरे यादृच्छिक पद्धतीने विखुरलेले एक पान छापावे, ते स्टँडवर ठेवून मंद उजेडात मोठ्याने वाचायला सांगावे आणि कोणते अक्षर कशाऐवजी वाचले गेले याची जोडीनिहाय नोंद ठेवावी. तेच पान एकदा छायाप्रतीवरून छायाप्रत काढून आणि एकदा टॅब्लेटच्या पडद्यावर लहान आकारात तपासावे, कारण ल्यूटवादकांमध्ये पाने अशाच रूपांत फिरतात. 'ई'चे पोट भरून काळे झाले किंवा 'बी'चा दांडा गळाला, तर दोष तिथेच सापडतो.

मुळातून कोणता 'सी' द्यावा, याबद्दल मतभेद आहेत. गिटारकडून ल्यूटकडे आलेल्यांना गोल 'सी' ओळखीचा वाटतो, तर हस्तलिखितांच्या हुबेहूब प्रतींवरून वाजवणाऱ्यांना तो परका वाटतो. माझ्या मते जुना आकारच मूळ म्हणून द्यावा आणि गोल 'सी' पर्याय म्हणून ठेवावा. आवृत्तीच्या पहिल्या पानावर रेषांवर बसवलेल्या सर्व अक्षरांचा, त्यांच्या पडद्यांच्या क्रमांकांसह, एक छोटा तक्ता छापला की नवख्या वादकाची अडचण बरीचशी तिथेच दूर होते.